दादासोंचा बार्बेक्यू

“जाळ कसा करायचा, ते कुणी दादासोला शिकवायचं न्हाय!” असं दादासोंनी गल्लीत छाती काढून सांगितलं, तेव्हाच आक्काताईंनी सावध व्हायला हवं होतं. पण बायकोचं कोण ऐकतंय?

तसा त्यांचा शब्द खोटा नव्हता. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत अठ्ठावीस वर्षं भट्टीवर काढलेली! लोखंड वितळून पाण्यासारखं वाहायचं ते त्यांच्या इशाऱ्यावर. पोटचा पोरगा मात्र वितळत नव्हता.

नागसेन चार वर्षं अमेरिकेत. दर रविवारी फोन यायचा. “आप्पा, बरं हाय न्हवं? गोळ्या घेतासा? आईला द्या.” संपलं! आईशी मात्र पंधरा मिनिटं. दादासो शेजारी उभे राहून, रिसिव्हरमधनं सांडलेलं काही ऐकू येतंय का बघायचे. आता २००४च्या हिवाळ्यात पोरगा बारा दिवसांसाठी घरी आला, तर त्यातले आठ दिवस दोस्त, पासपोर्टची कामं आणि पावण्यांचे चहा यांतच गेले. दादासोंना पोराशी बोलायचं होतं. काय बोलायचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. नुसतं बसून बोलायचं होतं!

शोकेसात एक फोटो होता. तिकडचं कुणाचं तरी अंगण, नागसेनच्या हातात चिमटा, पुढं गॅसची भलीमोठी शेगडी आणि पोराच्या तोंडभर हसू. ते हसू दादासो रोज निरखायचे. आपल्या घरात हा असा शेवटचा कधी हसला, काही केल्या आठवेना.

“आपल्या अंगणात बार्बेक्यू करायचा!” त्यांनी जाहीर केलं.

“म्हंजे?” आक्काताईंनी विचारलं.

“मटण उघड्यावर भाजायचं.”

“त्येवढ्यासाठी अमेरिकेला जावं लागतंय व्हय?”

दुसऱ्याच दिवशी शिरोलीतून उभं कापलेलं पिंप आलं, भोकं पाडलेला बर्नरचा पाईप आला, आणि जुन्या मालकाकडून मागून आणलेला एक ब्लोअरही आला. भट्टी म्हटली की वारा पाहिजे, हे दादासोंच्या रक्तातच! घरातली जादा गॅसची टाकी त्यांनी शेगडीच्या बरोबर खाली सरकवली.

“आवो, जाळाच्या खाली टाकी?”

“मग काय डोक्यावर घिऊ? तिथं कुणाच्या पायात येत न्हाय!”

गॅस गळतोय का बघायला ते काडी ओढणार, तोच आक्काताईंनी त्यांचा हात धरला आणि पाईपच्या जोडावर साबणाचा फेस चोपडला. भराभरा फुगे आले! “जरा सैल ऱ्हायलाय,” असं पुटपुटत दादासोंनी क्लिप आवळली.

ब्लोअरची वायर पुरेना. शेजारचा केरबा म्हणजे गल्लीतला हौशी वायरमन. त्यानं दुसरी वायर जोडली आणि जोडावर दुधाची पिशवी गुंडाळली. वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून निघाली आणि नुकतीच भांडी घासलेल्या ओल्या फरशीवरून शेगडीपर्यंत पोचली. “काय हुत न्हाय!” केरबानं छातीठोक सांगितलं.

संध्याकाळी नागसेनला खुर्चीवर बसवलं. शेगडी पेटली. निळा जाळ बघून पोरगा म्हणाला, “आप्पा, भारी केलासा की!” दादासोंना आभाळ ठेंगणं झालं. तिथंच थांबायचं होतं हो! पण ऐकतील ते दादासो कसले!

“अजून कुठं बघितलंस? केरबा, वारा सोड!”

ब्लोअर भोंग्यासारखा ओरडला. फाउंड्रीत वाऱ्यानं जाळ भडकतो, इथं मेणबत्तीसारखा फट्दिशी विझला! त्यात आक्काताईंनी मटणावर मूठभर कोरडी चटणी भुरभुरलेली. ती सगळी उडाली! “मेलो! आंधळा झालो!” केरबा बोंबलत सुटला. गॅस फुसफुसतच होता. आणि दादासो डोळे गच्च मिटून, शिंकत शिंकत, काडेपेटी चाचपत होते.

“आप्पा! काडी वढू नगा!” नागसेननं झेप घालून काडेपेटी हिसकावली आणि शेगडीखाली हात घालून रेग्युलेटर बंद केला. तोवर केरबा ओल्या फरशीवर अनवाणी, वायर उपटायला निघालेला. “केरबाकाका, हात लावू नगा! आई, मेन स्विच पाड!”

खटका पडला. ब्लोअर कण्हत थांबला.

कुणाला काही झालं नाही. मग मात्र नागसेन सुटला! “टाकी शेगडीखाली ठेवत्यात व्हय? ती लांब ठेवायची, उभी! जाळ इझला की आधी गॅस बंद. वास पार जाईस्तवर थांबायचं, मग काडी! आणि ओल्यातनं वायर? वर दुधाची पिशवी? तुमास्नी काय झालं असतं, तर मी तिकडं बसून काय करणार हुतो, सांगा की!”

दादासो मान खाली घालून ऐकत होते. चांगला अर्धा तास पोरगा फक्त त्यांच्याशी बोलत होता! इतकं बरं त्यांना चार वर्षांत वाटलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चटणी लई तिखट होती, असं ते अजून सांगतात.

“पण कशापायी केलासा हे?”

“त्यो शोकेसातला फोटो रं. तिथं हसालाईस तू. मला वाटलं, हितंबी हसशील.”

नागसेन त्यांच्या शेजारी येऊन टेकला. “आप्पा, ती साहेबाच्या घरची शेगडी. मला फोटोपुरता चिमटा दिलता. मी ऱ्हातो तिसऱ्या मजल्यावर. रविवारी आईच्या मटणाची आठवण काढत अंडी उकडून खातो.”

मटण आक्काताईंनी आत चुलीवर शिजवलं. उरलेले तीन दिवस नागसेननं घरातल्या वायरी बदलल्या आणि दादासो टेस्टर धरून त्याच्या मागं मागं फिरले. मग तो गेला. दादासो दोन दिवस अंगणातच बसून राहिले, जेवणावरसुद्धा मन नव्हतं.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. रविवार नव्हता! आक्काताईंनी उचलला आणि चकित होऊन म्हणाल्या, “आवो, तुमास्नी बोलवालाय!”

“आप्पा, गॅस बंद केलासा? पाईप बघितलासा?”

तेव्हापासून रोज फोन. रोज आधी आप्पा, मग आई!

परवाच दादासो गंभीर आवाजात सांगत होते, “पाईप जरा सैलच वाटालाय रं. बघतो, आणि उद्या सांगतो तुला.”

“आवो, कालच नवा पाईप बसवलाय की!” आक्काताई आतून ओरडल्या.

दादासोंनी रिसिव्हरवर तळहात दाबला. “गप की गं! उद्याचा फोन घालवतीस व्हय?”