मयत कामथोन हजर आहेत

"बाबांचा रिपोर्ट येईपर्यंत त्यांना आणि आईला रिकामं बसू देऊ नकोस. काहीतरी काम लाव. नाहीतर ते स्वतःच काहीतरी शोधून काढतील," असं तुकने पुईला बजावून सांगितलं होतं. तुक ही पुईची शाळेपासूनची मैत्रीण, लहान मुलांच्या वॉर्डात नर्स. पुईने तेव्हा हसण्यावारी नेलं. "अगं, माझे बाबा आयुष्यभर पाणीपुरवठा खात्यात होते. शहाणा माणूस आहे."

"शहाण्यांचीच जास्त भीती वाटते मला," तुक म्हणाली होती. पण पुईची मुलगी खाओपून तेवढ्यात वाटाणा नाकात घालण्याच्या बेतात होती, त्यामुळे विषय तिथेच राहिला.

पुईचे वडील कामथोन. नखोन सवान शहरातला एकही नळ असा नसेल ज्याला त्यांचा हात लागला नाही. कुठल्या गल्लीत पाण्याचा दाब कमी, कुठे जोडणी गळते, हे ते झोपेत सांगतील. पण स्वतःचीच धार मंदावली, तेव्हा या माणसाने वर्षभर तोंडातून शब्द काढला नाही. रात्री पुन्हापुन्हा उठायचे आणि बायकोला सांगायचे, "कुत्रं भुंकलं, बघून येतो." शेवटी शेजाऱ्यांनी सांगितलं की त्यांचं कुत्रं गेल्या पावसाळ्यातच मेलं. मग पुईने त्यांना ओढतच रुग्णालयात नेलं. रक्तातला आकडा चढलेला निघाला. मग प्रोस्टेटचा तुकडा काढून तपासायला पाठवला. तो ज्या वाटेने काढला, त्या वाटेबद्दल कामथोन अजूनही कुणाशी बोलायला तयार नव्हते.

"रिपोर्ट आला की फोन करू," एवढं सांगून रुग्णालयाने त्यांना घरी पाठवलं, आणि घरात वाट बघणं सुरू झालं.

पहिले काही दिवस कामथोननी घरातले सगळे नळ दुरुस्त केले. जे गळत नव्हते तेही केले, आणि मग ते गळू लागले. पुईची आई लमाय कडू कारल्याचं सूप उकळत राहिली. पुई स्वतः मोबाइलवर वाचत बसायची. जितकं वाचावं तितका बाप अधिक आजारी दिसायचा. तिचा नवरा दूर रयोंग शहरात कारखान्यात, त्यामुळे रागवायलाही हक्काचं माणूस घरात नव्हतं.

मग एक दिवस लमाय देवळातून आली ती डोळे चमकवतच.

"थोरल्या भिक्खूंनी, लुआंगपोंनी सांगितलं, सगळा घोटाळा नावात आहे. हे मंगळवारचे. मंगळवारी जन्मलेल्याला 'क' अक्षराचं नाव जड जातं. त्यांनी नवीन नाव काढून दिलंय. फुरिफत."

"काय?" कामथोन ओरडले.

"फुरिफत. बुद्धी वाढत जाते, असा अर्थ आहे."

"या वयात वाढून ती राहणार कुठे? सहासष्ट वर्षं मी कामथोन आहे! पाणीपट्टीवर कामथोन, पेन्शनवर कामथोन!"

"आणि रक्ताच्या तपासणीवर?" लमायने विचारलं.

पुईने विरोध करून पाहिला. पण आमच्याकडे नाव बदलणं म्हणजे केस कापून येण्याइतकं सोपं. परीक्षेत नापास झालं, धंदा बसला, नवरा पळाला, की लोक तालुका कचेरीत जाऊन नवीन नाव घेऊन येतात. दुसऱ्याच दिवशी कामथोन सकाळी कामथोन म्हणून घराबाहेर पडले आणि जेवायच्या वेळेला फुरिफत होऊन परतले. जुनं ओळखपत्र कचेरीने ठेवून घेतलं होतं. नव्यावरच्या फोटोत ते कुणीतरी पाकीट मारल्यासारखे दिसत होते.

खाओपूनला नवीन नाव सांगितलं तेव्हा ती आजोबांपासून दोन हात लांब सरकली. तिच्या बालवाडीत दोन फुरिफत होते.

"फुरिफत चावतो," ती म्हणाली.

तरी इथवर ठीक होतं. पण लमायचं म्हणणं असं की नुसतं नाव बदलून भागत नाही, जुन्या नावाच्या माणसाला रीतसर निरोप द्यावा लागतो. शनिवारी ती नवऱ्याला देवळात घेऊन गेली. तिथे शवपेटीत झोपायचं, अंगावर पांढरं कापड घ्यायचं, भिक्खूंनी मंत्र म्हणायचे, आणि उठायचं ते नवा माणूस होऊन. भली मोठी रांग होती. कामथोन पेटीत आडवे झाले, मंत्र सुरू झाले, आणि तपासणीपासून ज्या माणसाचा डोळ्याला डोळा लागला नव्हता तो तिथे घोरायला लागला.

"ओ काका! उठा!" रांगेतला एक जण तापला. "आम्हालाही मरायचंय!"

"माझा नंबर तुमच्या आधी होता, तरी मी थांबलेय ना?" दुसरी बाई त्याच्यावर उखडली.

शेवटी त्यांना हलवून उठवलं. पेटीची व्यवस्था बघणाऱ्या बाईंनी निघताना लमायला बाजूला घेतलं. "आता एक पाळा. जुनं नाव घरात कुणी उच्चारायचं नाही. त्या नावाने कुणी विचारत आलं, तर सांगायचं की तो माणूस मेला. संकट पत्ता विचारत येतं. मेला म्हटलं की दारातून परत जातं."

लमायने हे पदराला गाठ मारावी तसं लक्षात ठेवलं, आणि घरी कुणाला त्यातलं अक्षर सांगितलं नाही.

त्यानंतर रुग्णालयाचा फोन येईना. आज येईल, उद्या येईल असं करत पुईची नखं कुरतडून संपली. ती सगळ्यांवर खेकसत होती. खाओपूनवर खेकसली, कारल्याच्या सुपावर खेकसली. शेवटी ती म्हणाली, "बस झालं. आपणच जाऊ." आणि आई-बापांना पिकअपमध्ये घालून थेट खिडकीवर गेली.

काचेमागच्या बाईंनी संगणकात नाव घातलं आणि त्यांचा चेहरा मऊ झाला.

"कामथोन. हो, रिपोर्ट आलाय. पण तो वारसांनाच मिळेल. मृत्यूचा दाखला आणलाय का?"

"कुणाच्या मृत्यूचा?" पुईने विचारलं.

"कामथोन यांच्या. नोंद आहे इथे. मयत. फार वाईट वाटलं."

"अहो, ते इथे उभे आहेत!"

बाईंनी काचेतून पाहिलं. कामथोननी हात जोडून नमस्कार केला. बाईंनी त्यांचं ओळखपत्र मागितलं.

"यावर फुरिफत आहे."

"नाव बदललंय. क्रमांक बघा, तोच आहे!"

"क्रमांक तोच आहे," बाईंनी मान्य केलं, "पण हा क्रमांक मयत आहे."

"मी मयत?" कामथोनचा आवाज चढला. "बाई, या इमारतीच्या मागची पाइपलाइन मी घातली आहे! तुमच्या स्वच्छतागृहात पाणी येतं ते माझ्यामुळे!"

"तिसऱ्या मजल्यावर येत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या.

"तो पंपाचा दोष आहे!"

पुईने बापाला मागे ओढलं. राग गिळत तिने विचारलं, "हे मेले असं तुम्हाला सांगितलं कुणी?"

"घरच्यांनीच. आम्ही रिपोर्टसाठी फोन केला होता. एका बाईंनी उचलला. म्हणाल्या, शनिवारी गेले. मी विचारलं, काय झालं होतं? तर म्हणाल्या, काही नाही, पेटीतच गेले."

पुई आणि कामथोन दोघांनी एकदमच मागे वळून पाहिलं. लमाय भिंतीवरचं आग विझवण्याचं नळकांडं फार मन लावून वाचत होती.

"आई!"

"मला काय माहीत रुग्णालयातून बोलतायत? त्यांनी जुन्या नावाने विचारलं. मी सांगायचं ते सांगितलं."

"तू बाबांना फोनवर मारलंस?"

"वाचवलं!" लमायही उसळली. "तुम्ही सगळे नुसते मोबाइल बघत बसला होतात. मी काहीतरी केलं!"

बाईंनी काचेवर टकटक केलं. "हे बघा, नोंद बदलता येईल. नाव बदलल्याचं प्रमाणपत्र दाखवा, आणि मृत्यूची खबर ज्यांनी दिली त्यांनी स्वतः इथे येऊन सांगायचं की ती खोटी होती. नाव घेऊन. कामथोन जिवंत आहेत, असं."

प्रमाणपत्र कामथोनच्या खिशातच होतं. उरली लमाय.

"मी नाही म्हणणार," ती बाकावर जाऊन बसली आणि पिशवी पोटाशी धरली.

"आई, दोन शब्द आहेत!"

"त्या नावाला मी परत हाक मारायची? इतका आटापिटा करून घालवलं त्याला. आणि ते ऐकून परत आलं तर?"

"काय परत आलं तर?"

"मला त्याचं नाव घ्यायचं नाही."

मग मात्र पुईचा संयम सुटला. "कॅन्सर, आई! त्याचं नाव कॅन्सर आहे! घरात महिनाभर कुणी तो शब्द काढला नाही. बाबांचं नाव बदललं, त्यांना पेटीत झोपवलं, मारून टाकलं, आणि ज्याला घाबरतोय त्याचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही! रिपोर्ट त्या काचेमागे पडलाय. तो असेल किंवा नसेल. तू गप्प बसलीस तर असेल ते नाहीसं होणार नाही, फक्त कळणार नाही!"

आजूबाजूचे लोक बघायला लागले. मग कामथोन लमायच्या शेजारी बसले. त्या टणक बाकावर ते अजूनही एका बाजूनेच बसत.

"लमाय, तू लग्न कुणाशी केलंस?"

तिने पिशवी आणखी घट्ट धरली.

"फुरिफतशी? तो तर बालवाडीत आहे. चावतो म्हणे."

लमायला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही आलं. दोन्ही एकाच बाहीला पुसून ती उठली आणि खिडकीशी गेली.

"मी खोटं बोलले होते," ती पुटपुटली. "कामथोन जिवंत आहेत."

"जरा मोठ्याने. काचेमुळे ऐकू येत नाही."

लमायचा चेहरा लाल झाला. इतक्या दिवसांत कुणावरच न काढलेला सगळा राग तिच्या आवाजात उतरला.

"कामथोन जिवंत आहेत! माझा नवरा आहे तो! ऐकू आलं? तिसऱ्या मजल्यापर्यंत जाऊ दे! लिहा!"

चाकांच्या खुर्चीतले एक आजोबा टाळ्या वाजवू लागले. "अभिनंदन!" ते म्हणाले. त्यांच्या मागोमाग बाकीच्यांनीही टाळ्या वाजवल्या. काचेमागच्या बाईंनी एक कळ दाबली आणि कामथोन सरकारदरबारी उठून बसले.

थोड्या वेळाने आतून पुकारा झाला, "श्री. फुरिफत!"

कुणी उठलं नाही.

"श्री. फुरिफत!"

एका बाईने आपल्या लहान मुलाला शोधायला मान वळवली. कामथोननीही इकडेतिकडे पाहिलं आणि चिडून म्हणाले, "काय माणसं असतात! नंबर आला तरी उठत नाहीत!"

"बाबा," पुई म्हणाली, "ते तुम्ही आहात."

डॉक्टर तरुण होता. त्याने कागद समोर ठेवला.

"गाठ कॅन्सरची आहे," तो म्हणाला.

लमायने कामथोनच्या सदऱ्याची बाही घट्ट धरली.

"पण अगदी लहान आहे, आणि फार आळशी. अशा गाठीच्या मागे लागलं तर गाठीपेक्षा उपायांचाच त्रास जास्त होतो. सध्या कापायचं नाही, औषध नाही. नुसतं लक्ष ठेवायचं. दर काही महिन्यांनी रक्त तपासू."

"म्हणजे मी करायचं काय?" कामथोननी विचारलं.

"वाट बघायची."

"अजून?" कामथोन इतक्या जोरात ओरडले की बाहेरची नर्स आत डोकावली. "ह्यासाठी मी मेलो? एवढी वाट बघितली ती वाट बघायला सांगण्यासाठी? किती दिवस?"

"सगळं नीट राहिलं तर पुष्कळ वर्षं," डॉक्टर हसला.

"आणि वाट बघण्यावर काही गोळी?"

"ती अजून निघालेली नाही, काका."

कामथोन दारापर्यंत बडबडत गेले. मध्येच थांबले, डॉक्टरांच्या टेबलामागच्या बेसिनकडे वळले आणि गळणारा नळ घट्ट करून आले. हॉलमध्ये सगळ्यांनी त्यांना घेरलं. चाकांच्या खुर्चीतल्या आजोबांनी हात हातात घेतला. काचेमागच्या बाईंनीसुद्धा मान हलवून विचारलं, "बरं आहे ना?" कामथोन एखादी निवडणूक जिंकल्यासारखे प्रत्येकाला उत्तर देत होते.

पुईने गाडी काढली. पहिल्या सिग्नलला तिने आरशात पाहिलं. मागच्या सीटवर लमाय झोपली होती. तोंड उघडं, पिशवी मांडीवर, एक हात अजून नवऱ्याच्या बाहीला. पुईला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की आईच्या गळ्याखालचं हाड वर आलंय. महिनाभर तिने कारल्याचं सूप दुसऱ्यांना वाढलं होतं. ती स्वतः काय खात होती, कधी झोपत होती, हे विचारायला घरात प्रत्येकाला वेळ कमी पडला होता. सिग्नल हिरवा झाला. मागून भोंगे वाजायला लागले, तरी पुई गाडी हलवायला तयार नव्हती. आई जागी झाली असती.

तर तुमच्याही घरात, शेजारात कुणाचा रिपोर्ट यायचा असेल. ज्याचा आहे त्याला सगळेच विचारतात. त्याच्या शेजारी पिशवी धरून एक माणूस बसलेलं असतं, जरा त्याच्याकडे जाऊन या. आजच जा. जेवलात का, झोपलात का, विचारा. 'हो' म्हणाले, तर विश्वास ठेवू नका. समोर बसून दोन घास खाईपर्यंत उठू नका.