डाव्या गुडघ्याजवळ

आपण बायकोच्या तालावर नाचणाऱ्यांतले नाही, हे ग्रंथपाल कुणी न विचारताही सांगत. पुरावा म्हणून ते जेवणाचं उदाहरण देत. मीठ कमी असलं की पहिल्याच घासाला ते तसं सांगून टाकत, आणि मीठ रोजच कमी असे. असा हा बाणेदार माणूस बायकोच्या डाव्या गुडघ्याजवळ कसा जाऊन पोहोचला, ती हकिगत ऐकण्यासारखी आहे.

बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे चढवायचे आणि इकडे बघा, तिकडे बघा म्हणायचं. घरी मात्र तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. ग्रंथपालांचं डोकं पुस्तकात आणि डबडूचं खिडकीबाहेर. डबडू म्हणजे त्यांचा कुत्रा. पिल्लू असताना रिकाम्या डब्यात डोकं अडकवून तो दारात आला होता, म्हणून हे नाव.

डबडूला घेऊन ती रॅलीच्या वर्गाला जाऊ लागली. या रॅलीत घोषणा नसतात की गाड्या नसतात. मैदानात ओळीने पाट्या मांडलेल्या असतात आणि प्रत्येक पाटीवर लिहिलेलं करत पुढे जायचं असतं. थांबा, वळा, गोल फिरा. या सगळ्यात कुत्र्याने मालकिणीच्या डाव्या गुडघ्यालगत राहून, तिच्या तोंडाकडे बघत चालायचं. डबडूला जगातल्या यच्चयावत गोष्टी बघायच्या असत, तेवढं तोंड सोडून. त्यामुळे वर्गाच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली. यंदाही तसंच झालं तर वर्गातली जागा दुसऱ्याला देईन, असं प्रशिक्षकबाईंनी स्पष्ट सांगितलं. ती घरी येऊन नुसती पट्टा गुंडाळत बसली. शाळेतसुद्धा आपला कशात नंबर आला नव्हता, एवढंच शेवटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत कागदाच्या पाट्या चिकटवल्या आणि नवऱ्यापुढे येऊन उभी राहिली.

"अहो, डबडूचं लक्ष लागत नाही, पण माझा तरी सराव व्हायला हवा. जरा वेळ कुत्रा व्हाल का?"

ग्रंथपाल मोठे उपकार केल्यासारखे उठले आणि तिच्या डाव्या बाजूला कमरेत वाकून उभे राहिले. डबडू सोफ्यावर पाय दुमडून बघत बसला. समोर नाही, माझ्याकडे बघा, असं ती म्हणाली. त्यांनी बघितलं आणि ते बघतच राहिले. तिच्या हनुवटीखाली एक तीळ होता. इतकी वर्षं एका छपराखाली काढून या तिळाची त्यांना गंधवार्ता नव्हती. वळण जवळ आलं की तिची भुवई किंचित हलायची. थांबण्याआधी ती एक बारीक श्वास घ्यायची. ती थांबली, तसे तेही थांबले आणि नियमाप्रमाणे खाली बसले. गुडघे कडकडले.

"शाब्बास," ती म्हणाली.

ग्रंथपालांना भरून आलं. असा आवाज आपल्या घरात आहे याचा त्यांना पत्ताच नव्हता. आजवर तो सगळा कुत्र्याच्या वाट्याला जात होता. "पुन्हा एकदा करू या का?" असं त्यांनी स्वतःहून विचारलं.

मग रोजचाच परिपाठ झाला. सोफ्यावरून बघणारा डबडूही हळूहळू खाली उतरला आणि ग्रंथपालांच्या मागे चालू लागला. ते बसले की तो बसायचा, ते वळले की तो वळायचा. कुत्रा शिकला म्हणून बायको हरखून गेली. तो कुणाकडे बघून शिकतोय, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

भानगड आधी वाचनालयात झाली. सचिवबाई कपाटांची पाहणी करायला आल्या, तर ग्रंथपाल त्यांच्या डाव्या बाजूने, कमरेत वाकून, मान वर करून, पावलाला पाऊल जुळवत निघाले. नकाशांच्या कपाटापाशी बाई थांबल्या आणि ग्रंथपाल चटकन जमिनीवर बसले. मान अवघडली असेल तर रजा घ्या, असं बाई फार मायेने म्हणाल्या.

परीक्षेच्या दिवशी ग्रंथपाल मैदानाच्या दोरीबाहेर प्रेक्षकांत उभे होते. बायको आत शिरली आणि डबडूने लगेच गवतात नाक खुपसलं. तिचा चेहरा पडला. पहिल्या पाटीशी तिने तो बारीक श्वास घेतला आणि ग्रंथपाल आपसूक मटकन गवतावर बसले. डबडूने दोरीपलीकडे पाहिलं आणि तोही बसला.

पुढचं सगळं बघण्यासारखं होतं. ती उजवीकडे वळली, ग्रंथपाल वळले, डबडू वळला. तिने गोल फेरी घेतली, तेव्हा ग्रंथपालांनी एका आजोबांना खुर्चीसकट प्रदक्षिणा घातली. भरभर चालण्याच्या पाटीला ते लोकांच्या डब्यांवरून उड्या मारत गेले. आपण काय करतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांना फक्त ती भुवई दिसत होती. बायकोची नजर पाट्यांवर, पण गुडघ्याशी कुत्रा मेणासारखा चिकटून चाललाय हे तिला जाणवत होतं, आणि तिचं तोंड असं उजळलं होतं की ग्रंथपालांना जगणं धन्य वाटलं. शेवटची पाटी होती, कुत्र्याला झोपवून त्याच्याभोवती फिरण्याची. तिने हात खाली केला. ग्रंथपाल इस्त्रीच्या सदऱ्यासकट गवतात आडवे झाले आणि डबडूही झोपला.

परीक्षक दोरीपाशी आले आणि खाली वाकून बघू लागले.

"बाहेरून मदत. बाद," ते म्हणाले. मग आवाज उतरवून बायकोला म्हणाले, "पण खरं सांगतो बाई, एवढं लक्ष मी आजवर कुठल्या कुत्र्याचंही पाहिलं नाही."

बायकोने गवतातल्या नवऱ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले, आणि ती एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. प्रशिक्षकबाईही डोळे पुसत आल्या. ज्या बाईने एवढा जुना नवरा शिकवला, तिला कुत्रा काय जड, जागा तुझीच, असं त्या म्हणाल्या. अट एकच, पुढच्या वेळी यांना घरी बांधून यायचं.

तिघं पायी घरी निघाले. चौकात लाल दिवा लागला तशी ती थांबली. डबडू बसला, ग्रंथपाल उभ्यानेच तिच्याकडे बघत राहिले. गाड्यांकडे बघता बघता तिने सवयीने खिशातून डबडूच्या खाऊतले, वाळवलेल्या कलेजीचे दोन तुकडे काढले. एक खाली दिला आणि दुसरा न बघताच डावीकडे वर धरला.

ग्रंथपालांनी तो खाल्ला. मीठ कमी होतं, पण ते काही बोलले नाहीत.