चमच्यांची पंगत

आमची आत्ती भांडी आधी घासायची आणि मग डिशवॉशरमध्ये घालायची.

नुसती विसळायची नाही हां, घासायची. काथ्यानं, पावडर लावून, बुडाला नखं मारून. ताट चकचकीत झालं की ते मशीनमध्ये उभं करायची, दार लावायची आणि बटण दाबायला मला हाक मारायची. मी एकदा विचारलं, आत्ते, ही धुतलेलीच आहेत की, आता मशीन काय करणार? तर म्हणाली, "मशीनला काय वाटंल? ह्या घरात असली खरकटी भांडी देत्यात म्हनंल." मी बटण दाबलं.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. पंचाहत्तरी उलटलेली, अंगानं काटकुळी, आवाज मात्र गल्लीच्या त्या टोकाला पोचणारा. राधानगरीच्या अलीकडं एका गावात तिचं घर. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. गेल्या पावसाळ्यात न्हाणीत घसरून पडली. शेजारची बाई ताक मागायला आली म्हणून कळलं, नाहीतर दिवसभर तशीच पडून राहिली असती. मी गाडी घेऊन गेलो आणि तिला कोल्हापूरला आमच्या घरी आणलं. हाडबिड काही मोडलं नव्हतं, पण माझा जीव पार उडाला होता. तिला आता तिथं एकटी ठेवायची नाही, हे मी आणि माझी बायको सुनीता, आम्ही त्याच दिवशी ठरवलं. आत्तीनं मात्र "आठ दिस ऱ्हातो" एवढंच कबूल केलं. आमच्याकडच्या बायका 'राहतो', 'जातो' असंच बोलतात, तेव्हा दचकू नका. महिने गेले तरी तिचं पालुपद तेच, "माझं काय, मी पावणी."

या पावणीनं हळूच स्वयंपाकघरात शिरून मशीनचा ताबा घेतला.

भांडण लागलं ते चमच्यांवरून. डिशवॉशरमध्ये चमच्यांसाठी एक टोपली असते, कप्प्याकप्प्यांची. सुनीता हायस्कूलला विज्ञान शिकवते. तिचं म्हणणं, चमच्याचं तोंड वर पाहिजे, म्हणजे पाणी नीट लागतं. आत्तीचं म्हणणं, तोंड खाली आणि दांडा वर. का, तर काढताना दांड्याला धरता येतं. जे तोंडात घालायचं त्याला दहा बोटं कशाला लावायची? सुनीता म्हणायची, मग काय चमच्यांना शीर्षासन घालायला लावायचं? आत्ती म्हणायची, तुझ्या शाळंत पोरं कशी बसवतीस ते बघायला मी येत न्हाई.

सकाळी सुनीता चमचे तोंडं वर करून लावायची. ती जिना उतरली की आत्ती सगळे उलटे करायची. सुनीता परत आली की पुन्हा सुलटे. मी आपला दोघींच्या मध्ये बसून चहा प्यायचो आणि चहाचा चमचा नेमका कसा ठेवायचा या धास्तीनं बिनसाखरेचाच प्यायला लागलो. आमचे डॉक्टर खूश झाले.

आत्तीचे नियम एवढ्यावर थांबतील तर शपथ. दोन सारखे चमचे शेजारी बसवायचे नाहीत, ते एकमेकांच्या पोटात शिरतात आणि मधलं खरकटं तसंच राहतं. म्हणून दोघांच्या मध्ये एक काट्याचा चमचा, त्याचं नाव राखणदार. डाव आणि उलथणं वडीलधारी, त्यांना कडेला निवांत आडवं करायचं. पंगत कशी बसवावी हे लग्नातल्या आचाऱ्याला कळणार नाही इतकं आत्तीला कळत होतं. बुधवार आणि रविवार म्हणजे तर वेगळाच कारभार. आत्तीच्या गळ्यात माळ, ती मटणाला शिवत नाही. आम्ही दोघं मात्र पांढऱ्या रश्श्यावर जीव टाकणारी. मग मटणाला लागलेले चमचे, आत्तीच्या भाषेत वशाटाचे, बाकीच्यांबरोबर एका टोपलीत? छ्या. त्यांची फेरी वेगळी, आणि त्यानंतर मशीन एकदा रिकामीच फिरवायची, तिची आंघोळ म्हणून. सुनीता कपाळाला हात लावायची. मला तर वैताग आला होता. दोन शहाण्या बायका, आणि भांडायला चमचा.

एके दिवशी मशीन तुंबली. दुरुस्तीला आलेला मिस्त्री मुरगूडचा निघाला. हे आम्हाला कळलं, कारण त्यानं चप्पल काढायच्या आत आत्तीनं "कुठलं पावणं?" पासून त्याच्या सासुरवाडीपर्यंत सगळं विचारून घेतलं. त्यानं मशीनच्या तळातली जाळी उपसली. त्यात काथ्याच्या धाग्यांचा हा एवढा गुंता. आत्ती छताकडं बघायला लागली. सुनीताला जोर चढला आणि चहा देता देता तिनं त्यालाच पंच नेमलं. चमचे तोंड वर की तोंड खाली, तुम्हीच सांगा. मिस्त्रीनं टोपली फिरवून बघितली. "आज्जीनं लावल्यात तेच बराबर हाय, वहिनी," तो म्हणाला. "तोंडं खाली, मधी काटा. फकस्त आधी घासत बसू नका."

सुनीता दिलदार बाई. हरली तर हरली. दुसऱ्या दिवसापासून चमचे आत्तीच्या पद्धतीनं लागायला लागले. तोंडं खाली, मध्ये राखणदार, वशाटाचे वेगळे. आत्तीनंही काथ्या सोडला. घरात शांतता झाली. म्हटलं, सुटलो बुवा एकदाचे.

आधी आत्तीही खुशीत होती. टोपली बघायची आणि मान डोलवायची. मग नुसतीच बघायला लागली. कुठं काही चुकलंय का ते शोधायची, काही सापडायचं नाही, आणि गॅलरीत जाऊन बसायची. तिचा आवाज खाली आला. जेवण निम्म्यावर आलं. टीव्हीवरच्या बातम्यांनासुद्धा ती उलट बोलेना. आणि एका बुधवारी संध्याकाळी म्हणाली, "बाळू, उद्या सकाळची राधानगरी गाडी किती वाजता हाय बघ. मी जातो आता."

मी विचारलं, का, कुणी काही बोललं का तुला?

"कोण बोलतंय? कोणच बोलत न्हाई की," ती म्हणाली. "सुनीता शिकली सगळं. आता हितं माझं काय काम हाय? नुसतं बसून खायला मी काय खरंच पावणी हाय व्हय?"

मी पुष्कळ समजावलं. न्हाणीची आठवण करून दिली, पावसाचं भय घातलं, रागावलोसुद्धा. ती सगळं ऐकून घेत होती आणि लुगडी पिशवीत भरत होती. तिथं गावात एक ताट, एक वाटी, आणि उलट बोलायलासुद्धा माणूस नाही. परत पडली आणि कुणी ताक मागायला आलंच नाही तर? मला रडू यायचं बाकी होतं. सुनीता दारात उभी राहून सगळं ऐकत होती, पण तिनं 'राहा' असा एक शब्द काढला नाही. मला तिचा भयंकर राग आला.

सकाळी आत्ती पिशवी घेऊन तयार. पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेली. मी तिला स्टँडवर सोडायला स्कूटरची किल्ली शोधत होतो, तेवढ्यात आतून तो जुना आवाज आला.

"सुनीता, हे काय केलंयस गं?"

मी धावत गेलो. मशीनचं दार सताड उघडं. सगळे चमचे तोंडं वर करून एकाच कप्प्यात कोंबलेले, राखणदार दुसऱ्याच टोकाला, आणि मधोमध कालचा मटणाचा डाव ताठ उभा. सुनीता शेजारी साळसूदपणे कणीक मळत होती. म्हणाली, तोंड वर असलं की पाणी नीट लागतं, आत्ती. विज्ञान मी शिकवते, तो मिस्त्री मला काय सांगतोय?

आत्तीनं पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि चमचे उपसायला लागली. मी एक दिस न्हाई तर ह्या घराची धडगत न्हाई, असं काहीबाही तिचं चालू होतं. राधानगरीची गाडी तिच्याशिवाय निघून गेली. मी बाहेर येऊन खुर्चीत बसलो. एवढं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

तेव्हापासून सुनीता रोज काही ना काही चुकते. रोज नवी चूक काढणं हे परीक्षेचा पेपर काढण्याहून अवघड आहे, असं ती मला सांगते. आत्ती रोज तिला फैलावर घेते आणि दोन भाकरी जास्त खाते.

परवा सुनीता शाळेला गेल्यावर आत्ती चमचे लावत बसली होती. मी आपलं सहज म्हणालो, सुनीता काही सुधारत नाही बघ. आत्तीनं दाराकडं बघून घेतलं. मग तिच्या गळ्यात इतका हळू आवाज आहे हे मला पहिल्यांदाच कळलं.

"मुद्दाम करतीया ती, माझ्यासाठनं. मला त्याच दिवशी कळलंय. तिला सांगू नगंस, बाळू. चुकायची थांबंल."