मन्मथकाकांची फुरसत

आमच्या शेजारचे मन्मथकाका प्रश्न विचारतात आणि निघून जातात.

तुम्ही गंगाखेडला आमच्या गल्लीत नवीन असाल तर तुम्हाला हा अपमान वाटेल. "काय पावनं, ऊस गेला का कारखान्याला?" असं विचारून समोरचा माणूस चक्क पाठ फिरवतो. तुम्ही तोंड उघडेपर्यंत तो किराणा दुकानाशी पोचलेला असतो. तिथे दुकानदाराला दुसरा प्रश्न. मग पिठाच्या गिरणीत तिसरा. गल्लीला वळसा घालून काका पुन्हा तुमच्यापुढे उभे राहतात आणि अगदी प्रेमाने म्हणतात, "हां, बोला आता. झाली का फुरसत?"

तोवर निम्मे पाहुणे चिडून निघून गेलेले असतात. पोस्टमन मात्र सरावला आहे. तो सायकल स्टँडला लावतो, पुढची पत्रं लावून घेतो आणि काकांची फेरी पूर्ण होईपर्यंत थांबतो.

फुरसत हा काकांचा आवडता शब्द. "मधी फुरसत ठेवा, काम जल्दी होतंय," हे वाक्य आमच्या गल्लीतल्या लहान मुलांनाही पाठ आहे. त्याचा अर्थ मात्र फारसा कुणाला माहीत नाही. मला माहीत आहे, कारण काकांनी तो मला पुन्हा पुन्हा समजावला आहे.

मी जन्मलेही नव्हते तेव्हा काकांच्या मेव्हण्याने आखातातून एक कॉम्प्युटर आणला होता. नुसता कीबोर्ड, तोच कॉम्प्युटर. तो घरच्या टीव्हीला जोडायचा. सोबत फ्लॉपी चालवायचं यंत्र, चपलेच्या खोक्याएवढं. एवढ्या भांडवलावर काकांनी पुढच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास काढला. अडचण एकच होती. फ्लॉपीवरून एखादा प्रोग्रॅम चढायला इतका वेळ लागायचा की मुलं एसटी स्टँडवर जाऊन चहा पिऊन यायची, तरी टीव्ही काळाच. काकांना ते सहन होईना. काका तेव्हा फार घाईचे होते.

"तू पंगतीत बसलीस," काका मला सांगतात. "वाढप्यानं बुंदी वाढली. तू तोंडात घातलीस. तो लगेच विचारतो, भात वाढू का? तुझं तोंड भरलेलं. तू गिळेपर्यंत तो पुढं गेला. मंग? आता अख्खी पंगत फिरून तो परत येईपर्यंत बस वाट बघत. फ्लॉपीचं तसंच हाय. ती गोल फिरायलीय. कॉम्प्युटर एक तुकडा वाचतो, त्याला तो चावायला वेळ लागतो. तोवर शेजारचा तुकडा निघून जातो. मंग अख्खा फेरा वाया!"

काकांनी काय केलं, तर पुढचा तुकडा शेजारी लिहिलाच नाही. मध्ये दुसरे तुकडे सोडून, लांब लिहिला. कॉम्प्युटरचं चावून होतंय तोच पुढचा तुकडा समोर हजर. फ्लॉपी तीच, यंत्र तेच, पण प्रोग्रॅम मुलं स्टँडवर पोचायच्या आत चढायला लागला. मधली जागा किती सोडायची हे शोधायला काकांना बरेच दिवस लागले. "कमी सोडली तर तुकडा हुकतो. जास्ती सोडली तर उगं वाट बघणं. मधी कुठंतरी एक जागा असती. ती घावली की बास!" हे सांगताना काकांचा चेहरा असा होतो की त्यांना मध्येच तोडणं जिवावर येतं.

आता गोल फिरणारं काही राहिलं नाही. माझ्या लॅपटॉपमध्ये काहीच फिरत नाही हे कळल्यावर काका दोन दिवस उदास होते. क्लास तर केव्हाच बंद पडला. पण ती युक्ती काकांच्या अंगातून गेली नाही. ती घरात शिरली.

काकूंच्या स्वयंपाकघरात हळदीच्या डब्याशेजारी तिखटाचा डबा नसतो. हळद, मग साबुदाणा, मग खोबरं, मग तिखट. कारण हळद टाकून हात परत येईपर्यंत म्हणे नजर तेवढी पुढे सरकलेली असते.

"आमचं घर हाय का फ्लॉपी?" काकू म्हणतात. "फोडणी करपायलीय अन् मी जिरं हुडकायलेय."

"आगं, सवय झाली की जल्दी होतंय."

"लग्नाला चाळीस वर्षं झाली. आजून किती जल्दी?"

पण खरा पराक्रम माझ्या चुलतबहिणीच्या लग्नातला. लग्न राणीसावरगावला होतं आणि वाढप्यांची व्यवस्था काकांनी स्वतःहून अंगावर घेतली. त्यांनी पोरांना हुकूम दिला, "एक पान वाढा, दोन सोडा, मंग एक वाढा. सोडलेली पुढच्या फेऱ्यात." सिद्धांत बिनचूक होता. फक्त पहिल्याच ओळीत दुसऱ्या पानावर नवरदेवाचे थोरले मामा बसले होते.

बुंदीची बादली त्यांच्या नाकासमोरून तरंगत पुढे गेली. मामांनी शांतपणे पत्रावळ दुमडायला घेतली.

"आमचं पान दिसंना का कुणाला?"

काका धावत आले. "मामा, तुमी दुसऱ्या फेऱ्यात हायत."

"दुसऱ्या फेऱ्यात? आमी नवरदेवाचे मामा हाव का बँडवाले?"

"तसं न्हाई मामा, फ्लॉपीचं कसं असतंय..."

माझ्या वडिलांनी काकांना दंडाला धरून बाजूला नेलं. शेवटी काकांनी स्वतः बादली उचलली, मामांच्या पानात बुंदीचा डोंगर केला, आणि मामांनी पहिला घास तोंडात घातल्याबरोबर विचारलं, "अजून वाढू का?" मामांचं तोंड भरलेलं. काका म्हणाले, "असू द्या असू द्या, फिरून येतो उत्तराला." आणि गेले.

त्या लग्नातला हा प्रसंग अजून सांगितला जातो. मीही हसते. पण माझं हसणं थोडं वेगळं आहे.

मला उत्तर द्यायला वेळ लागतो. शाळेत बाई इंग्रजीत प्रश्न विचारायच्या, मी मनात वाक्य जुळवायचे, ते तपासायचे, हात वर करायचे, तोवर बाई पुढच्या धड्यावर. घरी पाहुणे विचारतात, "काय करायलीस सध्या?" आणि मी श्वास घेते तेवढ्यात स्वतःच म्हणतात, "घरूनच काम असंल, चांगलंय." माझ्या वतीने इतकी माणसं बोलली आहेत की माझी बरीचशी मतं मला इतरांकडूनच कळली.

अकरावीला परभणीच्या कॉलेजात जायला लागले, तेव्हा काकांनी फाटकाशी मला विचारलं, "कॉलेज आवडायलंय का?" आणि निघून गेले. मी तिथेच उभी राहिले. किराणा दुकान, गिरणी, वळसा. काका परत आले. "हां, बोल बाई."

"नाही," मी म्हणाले.

तोवर हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. काकांनी मान हलवली आणि का नाही ते विचारलं, "कामून?" आणि पुन्हा फेरीला गेले. त्या संध्याकाळी त्यांनी गल्लीला बऱ्याच फेऱ्या मारल्या. मी इतकं सलग कधीच कुणाशी बोलले नव्हते.

माणसांनाही फुरसत द्यायला काका कुठे शिकले, ते मला गेल्या महिन्यात काकूंनी सांगितलं. आम्ही शेंगा सोलत होतो. काका बाहेर फेरीवर होते.

"शिवा तुझ्यासारखाच होता," काकू म्हणाल्या. शिवादादा त्यांचा एकुलता एक मुलगा. मी त्याला क्वचितच पाहिलंय. तो नागपूरला असतो. "बोलायला वेळ लागायचा त्याला. अन् ह्यांना कुटला दम? विचारायचे अन् पोराच्या आधी हेच सांगून मोकळे. काय खातो? पोहे खातो. कुटं जातो? इंजिनियरिंगला जातो. जाऊन प्रवेश घेऊन आले. दोन वर्षांनी त्यानं सोडलं. तवा म्हणला, मला एकदाबी विचारलं न्हाई तुमी. हे म्हणले, विचारलं होतं की. तो म्हणला, थांबला न्हाईत. अन् गेला."

आता काका थांबतात. दर रविवारी शिवादादाला फोन लावतात, विचारतात, "शिवा, कधी येतोस इकडं?" आणि फोन ठेवून देतात. त्याला फुरसत मिळावी म्हणून. उत्तर पुढच्या रविवारी घ्यायचं. पुढच्या रविवारी तिकडून नुसतं "हॅलो" येतं, म्हणून पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा फुरसत. असं कित्येक वर्षं चाललंय.

"अन् शिवादादा काय म्हणतो?"

काकूंनी दाराकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मला म्हणतो, आई, बाबा आजून तसेच हायत. विचारतात अन् फोन ठेवून देतात. त्यांना उत्तर नकोच असतंय." त्यांनी शेंग फोडली. "ह्यांना कसं सांगू? जेवायचे न्हाईत."

यावर काय करायचं हे सुचायला मला नेहमीप्रमाणे वेळ लागला.

परवा काका फाटकाशी आले. नेहमीचा उत्साह नव्हता. म्हणाले, "पल्लवी, फ्लॉपीला किती फुरसत सोडायची ते मी करून करून काढलं. चुकलं की पुसायचं, पुन्हा लिहायचं. माणसाला किती सोडावी गं?" आणि निघाले.

किराणा दुकान. गिरणी. कोपऱ्यावर त्यांनी पोस्टमनला काहीतरी विचारलं. त्याने सायकल स्टँडला लावली. मी वाक्य जुळवत होते. काकूंनी सांगितलेलं सांगायचं नव्हतं, आणि न सांगता सगळं सांगायचं होतं.

"हां, बोल बाई."

"काका, फुरसत बरोबर आहे. पण फोन ठेवू नका. विचारा, मग गप्प बसा, पण फोन कानालाच धरून ठेवा. माझ्याकडे तुम्ही फिरून येता हे मला दिसतं. फोनवर ते दिसत नाही."

काका वळता वळता थांबले. "म्हंजे त्याला वाटत असंल..." ते शेजारी आपल्या दाराच्या पायरीवर जाऊन बसले, खिशातून फोन काढला. रविवार नव्हता, तरी लावला. त्यांना ऐकायला कमी येतं, त्यामुळे त्यांच्या फोनचा आवाज अर्ध्या गल्लीला जातो.

"शिवा, कधी येतोस इकडं?"

हात सवयीने खाली निघाला आणि अर्ध्यात थांबला. पुन्हा कानाशी गेला. पलीकडे गाड्यांचे आवाज होते, बाकी काही नाही. काकांचे ओठ हलले. दिवाळीला येतो, कामात हायस, सुट्टी न्हाई, सगळी उत्तरं त्यांच्या ओठांवर येऊन गेली असावीत. त्यांनी दुसऱ्या हाताने तोंड झाकून घेतलं. काकू आवाज ऐकून दारात आल्या होत्या, हात पिठाचे.

"हॅलो," शेवटी शिवादादा म्हणाला. "ठेवला का?"

"न्हाई," काका म्हणाले. "हाय मी."

पलीकडे पुन्हा नुसत्या गाड्या. मग तो म्हणाला, "मला जरा वेळ लागंल सांगायला."

"लागू दे."

काकू माझ्याजवळ आल्या. "हेच तवा केलं असतं तर," एवढंच पुटपुटल्या आणि पदराने हात पुसत आत गेल्या.

काका पायरीवर तसेच बसून होते. कोपऱ्यावर पोस्टमन सायकलला टेकून अजून त्यांची वाट बघत होता.