बॉनेट बसत नाही

गाडीतलं मला कळतं! हे मी म्हणत नाही, डिलाईल रोडची आमची अख्खी चाळ म्हणते. म्हणजे मी म्हणतो आणि चाळ गप्प बसते.

त्यामुळे पुतणीचं, अपूर्वाचं लग्न ठरलं आणि जावई शंतनु गाड्यांचा वेडा निघाला, तेव्हा मी जाहीर करून टाकलं, "पाठवणी माझ्या गाडीतून! तीही कार्बन फायबरचं बॉनेट लावून!"

शंतनुकडच्यांनी भली लांबलचक पांढरी गाडी ठरवली होती. पण अपूर्वा हटूनच बसली. "जाईन तर काकाच्याच गाडीतून." माझ्या स्कूटरवर पुढे उभी राहून शाळेत गेलेली पोर ती! माझे डोळेच भरून आले. आता माघार नव्हती.

रेसच्या गाड्यांना लावतात ते खरं कार्बन फायबर घ्यायचं तर गाडीच विकावी लागली असती. म्हणून ऑनलाइन स्वस्तातलं मागवलं. काळंकुळकुळीत, चटईसारखी वीण, वर चकाकी! आणि हलकं किती? माझ्या बायकोने, प्रितीने, ते एका हाताने उचललं आणि विचारलं, "हे पॅकिंग ना? आतला माल कुठाय?"

मी लक्ष दिलं नाही. जुनं बॉनेट भंगारात देऊन टाकलं आणि लग्नाच्या दिवशी सकाळी नवीन बसवायला घेतलं. डावीकडे बोट जाईल एवढी फट, उजवीकडे हेडलाइटवर चढलेलं! डावं दाबलं की उजवं उठे, उजवं दाबलं की डावं. लॉक काही लागेना. बॉनेट उघडं टाकून नवरी न्यायची कशी?

गॅलरीतून आई ओरडली, "काय झाला रे अमित?"

"बॉनेट बसत नाही गं!"

"मगे दगडूक बसव त्याच्यावर!"

दगडूमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. दरवर्षी गणपतीला गावी जाताना आमच्या ठासून भरलेल्या बॅगा तोच बंद करतो. वर बसून! लग्नासाठी शिवलेली पांढरीशुभ्र पँट घालून तो तयारच होता.

"मामा, नको! ती बॅग नाही!"

"बाजूक हो रे!" म्हणत मामा चढला आणि बसला. मी डोळे मिटले.

खट्!

लॉक लागलं! चारी बाजूंची फट एकसारखी! चाळीने टाळ्या वाजवल्या.

"लगेच उठू नको हां," आईने वरून बजावलं. "नायतर परत वर येतला!"

मग मामा मेच्या उन्हात बॉनेटवर बसून चहा प्याला, येणाऱ्याजाणाऱ्याला हात केला, दोन फोनही उरकले. शेवटी टॅक्सी आली तसा 'चर्र' आवाज करत उठला आणि थेट भोईवाड्याला लग्नाच्या हॉलवर पळाला.

मी बॉनेट बघितलं. मधोमध दोन मोठे पिवळे गोल! कसलं कार्बन फायबर? पिवळट पत्र्यावर चिकटवलेला नुसता स्टिकर! उन्हाने गोंद विरघळला होता. प्रितीने हसत हसत वर झेंडूच्या माळा पसरल्या.

संध्याकाळी पाठवणी. अपूर्वा रडत बाहेर आली, गाडी बघून रडता रडता हसली आणि मला बिलगली. "काका, आलास ना घेऊन!" मला आभाळ ठेंगणं झालं.

इतक्यात शंतनुने बॉनेटवरची माळ हळूच उचलली. आत बघितलं. परत ठेवली. जावयाचा सभ्यपणा बघा, वरची फुलंही नीट सारखी केली!

तेवढ्यात, दिवसभर खुर्चीला चिकटून बसलेला दगडूमामा नवरीची बॅग डिकीत ठेवायला वाकला. पांढऱ्या पँटवर मागे दोन काळेकुळकुळीत गोल, तीच चटईची वीण, तीच चकाकी!

शंतनु वाकून बघतच राहिला.

"काका, फिनिश बघा! एक सुरकुती नाही, एक बुडबुडा नाही! ज्याने मामांची पँट केली, त्यालाच गाडी द्यायची होतीत ना!"