कोण म्हणतं ते लिहा

जन्मभर लोकांच्या बाह्या आखूड करणाऱ्या आणि कमरा सैल करणाऱ्या मावशींना स्वतःचं एक वाक्य मात्र काही केल्या बेतून बसवता येईना. शिवणयंत्र सांभाळून पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी समाजशास्त्राच्या पदवीला नाव घातलं होतं. परीक्षेला बसायचं तर निबंध पास व्हायला हवा, आणि तो एकदा परत आला होता. तिसऱ्या पानावर त्यांचं लाडकं वाक्य होतं : 'लिफ्ट बसल्यापासून आमच्या इमारतीतली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली.' त्याखाली प्राध्यापिकाबाईंची लाल शाई होती : 'कोण म्हणतं? संदर्भ?' दुरुस्त निबंध आज पाचच्या आत संकेतस्थळावर चढला नाही, तर वर्ष वाया.

"अगं, सगळेच म्हणतात!" मावशी लेकीला म्हणाल्या.

"'सगळे' नावाचा लेखक नसतो, आई. नाव, साल, पान सांग." लेक लॅपटॉप उघडून बसली होती.

"खोडून टाक की ते वाक्य," पेपराआडून मावशींचे यजमान म्हणाले.

"तुमचं काय जातंय! अख्खा निबंध त्यावर उभा आहे. आणि आता मलाच कळायला हवंय, हे पहिल्यांदा म्हणालं कोण ते. मला औषधवाल्यांनी सांगितलं, एवढं पक्कं आठवतंय."

मापाची टेप गळ्यात तशीच लोंबत ठेवून त्या पाचव्या मजल्यावरून खाली गेल्या.

"म्हणालो होतो खरं," औषधवाले गल्ल्यामागून म्हणाले, "पण मला सिस्टरांनी सांगितलेलं. का हो?"

"तुमचं नाव विद्यापीठात जाणार आहे."

औषधवाल्यांनी चष्मा पुसला. "मग दुकानाचंही घाला. आणि खाली 'घरपोच सेवा'."

मावशींनी लेकीला फोन लावला. "औषधवाल्यांचं लिहून घे."

"पान?"

"माणसाला कसलं पान? मजला लिही. तळमजला."

आपला संदर्भ कुठवर जातो याची औषधवाल्यांनाही उत्सुकता. 'पाच मिनिटांत येतो' ही पाटी दाराला अडकवून ते मावशींच्या मागे निघाले.

तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर म्हणजे निवृत्त परिचारिका. त्यांनी दार बोटभर उघडून सगळं ऐकलं. "मी कशाला म्हणेन? वॉचमन म्हणाला, मी पुढे सांगितलं. पण मला वगळायचं नाही हं. ह्यांचं नाव आणि माझं नाही?"

"दोघांचं येईल. यादी अक्षरांच्या क्रमाने लावतात."

"म्हणजे औषधवाला आधी, सिस्टर नंतर," औषधवाले हळूच म्हणाले.

"बत्तीस वर्षं रुग्णसेवा केली मी! आणि खोकल्याच्या बाटल्या विकणारा माझ्या वर?"

दार सताड उघडलं. सिस्टर जिन्यात आल्या, आवाज त्यांच्याही पुढे गेला, आणि वरखालची दारं उघडू लागली.

"कसली यादी आहे?"

"विद्यापीठात नावं चाललीत म्हणे."

"मग माझंही घ्या, मीही तसं म्हणालोय!"

"कधी?"

"हे काय, आत्ता म्हणतोय!"

दुसऱ्या मजल्यावरच्या दोन बिऱ्हाडांत कुंड्यांच्या पाण्यावरून दोन वर्षं अबोला होता. त्यातले एक काका कठड्यावरून वाकून ओरडले, "लिहा मावशी, बोलणं बंद झालं ते यांच्यामुळे!"

"माझ्यामुळे?" शेजारचे काका बाहेर आले. "अहो, तुमचं पाणी माझ्या वाळत घातलेल्या गादीवर!" आणि दोन वर्षांचं साठलेलं दोघं पायरीवर बसून बोलू लागले.

वरात फाटकाशी पोचली. वॉचमनने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मावशी, ते तर तुम्हीच म्हणाला होता."

"मी?"

"लिफ्ट नवी होती तेव्हा. तुमच्या दोन्ही हातांत कापडाची गाठोडी, आणि दार धरायला कुणी थांबलं नाही. तुम्ही इथं माझ्या खुर्चीत टेकलात आणि म्हणालात, 'मेली लिफ्ट आली आणि माणसं बोलेनाशी झाली.' मला पटलं. मी सिस्टरांना सांगितलं."

मावशींचा चेहरा उतरला. एवढा प्रवास करून त्या स्वतःच्याच दाराशी आल्या होत्या. साडेचार वाजले होते. त्यांनी वर पाहिलं, तर प्रत्येक मजल्याच्या कठड्यावरून डोकी वाकलेली, आणि सगळी एकाच वेळी बोलत होती. मावशींना हसू फुटलं.

घरी येऊन त्यांनी लेकीला सांगितलं, "लिही. 'हे विधान माझंच होतं. त्याचं मूळ शोधायला निघाले, तर सारी इमारत जिन्यात येऊन बोलू लागली. म्हणून ते मागे घेते.' संदर्भ : औषधवाले, तळमजला. सिस्टर, तिसरा मजला. वॉचमन, फाटक. आणि मी, गाठोड्यांसकट."

पाचला चार मिनिटं असताना निबंध चढला. पंधरा दिवसांनी तो पास होऊन आला. लाल शाई फक्त एका शब्दापुरती होती : 'प्रामाणिक.'

ही बातमी सांगायला मावशी खाली उतरल्या, तर औषधवाल्यांनीच आधी हाक मारली. "मावशी, ऐकलंत का? लिफ्ट बसल्यापासून आपल्या इमारतीतली माणसं फार बोलायला लागलीत म्हणे."

"लिफ्टमुळे? कोण म्हणतं?"

"सगळेच! विद्यापीठात तसं लिहूनच गेलंय."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सिस्टरांनी."

मावशी जिन्याकडे वळल्या. दोन पायऱ्या चढून त्यांनी मागे पाहिलं. औषधवाले दाराला पाटी अडकवत होते : 'पाच मिनिटांत येतो.'