दहावं माणूस

सॅमसन चेऊलकरने सकाळपासून सहाव्यांदा माणसं मोजली. यहुदी रिवाजात माणसं मोजायची नसतात, म्हणून "एक नाही, दोन नाही" अशी. प्रार्थनेला दहा मोठी माणसं लागतात, त्यांच्या मंडळीत बायकाही धरतात. तो, बायको, आई आणि मुंबई-पुण्याचे सात पाहुणे. "दहा नाही!" हुश्श! एक जरी कमी भरलं तरी पुण्याहून आणलेली तोराची, म्हणजे धर्मग्रंथाची, गुंडाळी उघडता येणार नव्हती, आणि दुपारच्या गाडीने ती परत जायची. मग लेकीने सहा महिने घोकलेला पाठ वायाच की! आज रिव्काचं बात मित्झवा होतं. बारा पूर्ण झालेली मुलगी धर्माच्या हिशेबी मोठी होते, त्याचा सोहळा.

तेवढ्यात दारात शेजारच्या सारजाबाई. "रिवका, अगं आठ दिसानं पाणी सुटलंय! माझा ड्रम कोरडा ठणठणीत हाय."

सोहळ्याआधी समाजाची सेवा करायची म्हणून या पोरीने गल्लीतल्या म्हाताऱ्यांचं पाणी भरायचं अंगावर घेतलं होतं. सॅमसनला तेव्हा केवढं कौतुक! पाणी खरं तर बुधवारी यायचं, पण सिडकोतल्या नळाला वार कोण शिकवणार?

रिव्का पांढऱ्या ड्रेसच्या बाह्या सारू लागली.

"तू थांब गं, मी आहे ना!" म्हणत पाहुण्यांतले बिन्यामीनमामा धावले. नऊ. मामा चिखलात घसरले, त्यांना उठवायला रूथमावशी गेली. आठ. "ओ ताई, आमची बी टाकी बघा की जरा!" समोरच्या व्यंकटरावांची हाक आली. आणखी दोघं गेले. सहा! सॅमसनला घाम फुटला.

पाणी गेलं तशी एकेक करत चिंब माणसं परतली. टाकी बघायला चढलेले मामा मात्र व्यंकटरावांच्या गच्चीवर अडकले. शिडी रंगाऱ्याची होती आणि रंगारी ती घेऊन कन्नडला गेला होता.

"मामा, उडी मारा!"

"गुडघे काय तुझा बाप देणार?"

सॅमसन मटकन खाली बसला. "संपलं सगळं. नऊच!"

"पोरीला धरलंस का?" त्याच्या आईने, मिल्काबाईंनी विचारलं.

"तिला कशी धरू? सोहळा तिचाच आहे."

"अरे शहाण्या, काल संध्याकाळीच तिला बारा पूर्ण झाली. सोहळा नाही झाला म्हणून काय ती लहान राहते?"

सॅमसनने कपाळावर हात मारला आणि हसत पोरीला जवळ ओढलं. "दहा नाही!" तो ओरडला. गुंडाळी उघडली. रिव्का खणखणीत वाचू लागली.

"रिवका, पुन्यांदा सुटलं गं पाणी!"

ती सवयीने दाराकडे वळली. सॅमसनने हात धरला. "जागचं हलायचं नाही! तू गेलीस की नऊ."

"म्हंजी?" सारजाबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मोठी झाली म्हणून पाणी भरायचं सोडलं व्हय?"

"नाय आजी. ड्रम खिडकीखाली आणा. बाबा, आपल्या नळाचा पाइप बाहेर सोडा."

हे सकाळीच कुणाला का सुचलं नाही, असं विचारायची हिंमत कुणालाच झाली नाही. सॅमसन मुकाट्याने खिडकीत पाइप धरून उभा राहिला, ड्रम भरत गेला, पाठ पूर्ण झाला. आणि शेवटचं "आमेन" सगळ्यांत मोठ्यानं आलं ते समोरच्या गच्चीवरून.